इथं पाळ फुटते

आमच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात कुणाकडे गेलं, की चहा यायच्या आत पाहुणा एकदा घराच्या मागच्या बाजूला जाऊन येतो. यजमानाला वाटतं, हातपाय धुवायला गेला असेल. तो चढ बघत असतो. चढावर नवी भेग पडलीय का, एखादं झाड कललंय का, कालपर्यंत नितळ असलेला ओहळ आज लाल झालाय का. ही सवय ३० जुलै २०१४ नंतरची. त्या सकाळी माळीणवरचा डोंगर गावावर आला आणि १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली.

मागच्या ऑगस्टमध्ये भंडारा जिल्ह्यात मित्राकडे उतरलो, तर तिथेही पाय सवयीने परसदारी गेले. मागे धानाची बांधी होती. तिच्यापलीकडे बांधी, तिच्यापलीकडे आणखी बांध्या, आणि आभाळ टेकतं तिथे शिंदीची चार झाडं. मित्र मागे येऊन उभा राहिला.

"काय पायता जी?"

"डोंगर."

तो हसला. "आमच्या इकडं डोंगर पडत नाई जी. आमच्या इकडं पाळ फुटते."

मी शाळेत भूगोल शिकवतो. 'भूस्खलनाची कारणे लिहा' असं विचारलं की मुलं अतिवृष्टी, तीव्र उतार, भूकंप, जंगलतोड, खाणकाम असं धडाधडा लिहून मोकळी होतात आणि मीही गुण देऊन मोकळा होतो. भंडाऱ्यात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जंगल पिढ्यान्‌पिढ्या तुटत आलं आहे. खाणी शंभर वर्षांहून जुन्या आहेत. तुमसरच्या अंगाला डोंगरही आहेत. मुलांच्या उत्तरातले बहुतेक मुद्दे हजर, आणि दरड तेवढी गैरहजर. माळीणला मी अनेकदा गेलो होतो. डोंगर का पडतो ते तिथे पुष्कळांनी सांगितलं होतं. तो का पडत नाही, हे विचारायला मात्र भंडाऱ्यालाच यावं लागलं.

सुरुवात कारधा इथे झाली. भंडारा शहराला लागून वैनगंगा वाहते आणि तिच्यावरचा जुना लहान पूल कारध्याला आहे. या नदीचा पावसाळी स्वभाव इथल्या पावसावर फारसा अवलंबून नाही. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचे पट्टे आत येतात, वर मध्य प्रदेशात बरसतात, आणि इथे ऊन पडलेलं असतानाही नदी चढू लागते. २०२०च्या ऑगस्ट अखेरीस असंच झालं होतं. वरचा पाऊस आणि धरणांतून सोडलेलं पाणी एकदम आलं आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरलं. त्या पुराच्या खुणा लोक अजून भिंतीवर हात लावून दाखवतात, आणि हात बहुधा डोक्याच्या वर जातो.

पुलाच्या अलीकडे, जिथे नदी किंचित वळते, तिथे एका शेतकऱ्याचा वांग्याचा वाफा अर्धा गेलेला होता. उरलेल्या अर्ध्याचा काठ सुरीने कापल्यासारखा उभा, दीड पुरुष खोल. मला वाटलं, पुराच्या जोराने गेला असेल. तो म्हणाला, "नाई जी. पूर चढताना थडी उभी रायते. पूर उतरला का मंग बसते."

पाच दिवसांत ऐकलेल्या वाक्यांपैकी हे सगळ्यात मोलाचं निघालं. नदी भरलेली असते तेव्हा तिचं पाणी बाहेरून थडीला टेकू देत असतं. पूर झपाट्याने ओसरला की टेकू निघून जातो; पण मातीच्या पोटात मुरलेलं पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही. माती ओली, म्हणून जड. तिच्या कणांमधल्या फटी पाण्याने ठासून भरलेल्या, म्हणून कणाला कण घट्ट धरवत नाही. आणि समोरचा हात तर काढून घेतलेला.

दिवाळीचा किल्ला ज्याने केलाय त्याला यातलं निम्मं आधीच माहीत असतं. कोरड्या मातीचा बुरूज उभा राहत नाही. थोडी ओली केली की कणांमधल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्याने माती चिकटते आणि उभी भिंतही टिकते. आणखी तांब्याभर पाणी ओतलं की तोच बुरूज मांडी घालतो. पाणी मातीला वंगण लावतं असं आपण वर्गात सांगतो, ते अर्धवट आहे. फटींत पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांपासून किंचित उचलले जातात, त्यांचं एकमेकांवरचं वजन हलकं होतं, आणि घर्षणाने धरलेला उतार सुटतो. चढाचं वजन खाली ओढत असतंच, रात्रंदिवस. पाऊस येऊन त्याला विरोध करणारा गडी तेवढा दुबळा करतो.

जाता जाता शब्दाविषयी. दरड म्हणजे मुळात कोसळलेली माती नव्हे. नदीचा किंवा डोंगराचा उभा तुटलेला काठ, ती दरड. म्हणजे वांग्याच्या वाफ्याखाली मी पाहिली ती अस्सल दरड होती. वर्तमानपत्रांनी तिला कायमची घाटात नेऊन बसवली आहे. इथले लोक थडी म्हणतात, आणि तुमसरच्या उत्तरेकडून येणाऱ्या नदीचं तर नावच बावनथडी आहे. इतके काठ मोजत बसलेल्या मुलखात काठ ढासळणं ही बातमी नव्हे. अलीकडे मात्र रेतीचा उपसा वाढला आहे. वैनगंगेच्या रेतीला बाहेरच्या बांधकामांत मोठी मागणी आहे. पात्र दोन हात खोल गेलं की थडी दोन हात उंच होते, एक टोपलं माती न टाकता. पुढचा पूर मग तिच्या पायाशी सुरुवात करतो.

मोहाडीवरून तुमसरकडे निघालो. जवळच आंधळगाव आहे, कोशाच्या साड्यांसाठी नाव असलेलं. पाऊस लागला होता म्हणून तिकडे वळलो नाही. दोन्ही बाजूंना रोवणी उरकत आली होती. पोत्याची खोळ पाठीवर घेतलेल्या बायकांची रांग उलट चालीने मागे सरकत होती. आमच्याकडे या कामाला आवणी म्हणतात. पीक तेच, चिखल तोच, गुडघ्यांचं दुखणंही तेच. फरक पायाखालच्या जमिनीत. आमच्याकडे भातासाठी डोंगराचा चढ कापून पायऱ्या करायच्या, त्याला पडकई म्हणतात. एकमेकांच्या शेतावर फिरून फावड्या-कुदळीने करायचं ते सामुदायिक काम होतं. पुढे यंत्रं आली. माळीणनंतर यंत्राने केलेल्या पडकईवर बरंच बोललं गेलं. तज्ज्ञांच्या अहवालांत एकटी पडकई आरोपी नव्हती. जोराचा पाऊस, खोलवर कुजलेला खडक आणि पाण्याचा बिघडलेला निचरा हे सगळे एका रात्री एकत्र आले होते. इथे भंडाऱ्यात पाणी बांधीत येतं आणि बसतं. त्याला खाली जायची घाई नाही, कारण खाली असं काही नाहीच.

आणि खडक वेगळा. नागपुरातली सीताबर्डीची टेकडी हा सह्याद्रीच्याच काळ्या लाव्ह्याचा शेवटचा शेपटा. त्याच्या पूर्वेला लाव्हा संपतो आणि खालचं जुनं जग उघडं पडतं. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. भंडाऱ्यातले नाईस, शिस्ट, क्वार्टझाइट त्याच्या दहापट तरी जुने. भूवैज्ञानिकांनी त्यांच्या गटांना सौंसर आणि साकोली अशी आसपासच्या गावांची नावं दिली आहेत.

तुमसरहून आंबागडकडे जाताना हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. डोंगर म्हणजे गोल, बुटके, पाठीला पाठ लावून बसलेल्या म्हशींसारखे. वरचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळातला. पायऱ्यांच्या वाटेवर दोन्हीकडे सागाची मुळं थेट खडकाच्या चिरांत उतरलेली. मी काठीने माती उकरून पाहिली. वीतभर गेलं की टणक लागलं. जवळच गायमुखला खडकातून पाणी येतं. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, पण त्या दिवशी आम्ही दोघे आणि माकडं एवढेच होतो. झऱ्याचं पाणी नितळ होतं. सवयीने तेही पाहून घेतलं, कारण झऱ्याला अचानक लाली येणं म्हणजे आत माती सुटू लागल्याची खूण असते.

सह्याद्रीचा कडा तरुण आहे. लाव्ह्याचे थरावर थर, मध्ये कुठे लाल मातीचे मऊ पट्टे, माथ्यावर आणि खांद्यांवर खोल कुजलेला मुरूम, आणि समुद्राकडे तोंड करून उभा पश्चिमेचा कडा, ज्याच्यावर अरबी समुद्राचा पाऊस सरळ येऊन आदळतो. माती जाड, चढ उभा, पाऊस एका दमात. आंबागडच्या डोंगरांचंही कधीकाळी असंच असणार. ते कोवळे होते तेव्हा किती दरडी आल्या असतील ते बघायला कोणी नव्हतं. कोट्यवधी वर्षांत त्यांचं जे पडायचं होतं ते पडून गेलं, दळलं गेलं, नद्यांनी नेऊन पसरलं. मोहाडीच्या रस्त्यावर बायका ज्या चिखलात रोवणी करत होत्या त्यातला काही चिखल म्हणजे हा डोंगरच होता. भंडाऱ्यात डोंगर पडत नाही, कारण तो आधीच पडून झाला आहे आणि लोक त्यावर धान पिकवतात.

मित्राला हे पटलं, पण त्याने लगेच वकिली प्रश्न टाकला. "मंग खडक म्हातारा असला का बस?"

बस नाही. ३० जुलै २०२४ला, माळीणच्या बरोबर दहाव्या वर्षी त्याच तारखेला, केरळात वायनाडच्या डोंगरातून मुंडक्कै आणि चूरलमला या गावांवर लोंढा आला. तिथला खडकही नाईसच्याच घराण्यातला, तितकाच म्हातारा. पण चढ उभा होता, खडकावर मातीची जाड गोधडी होती आणि दोन दिवस पाऊस कोसळत होता. माती घसरली, ओढ्यात उतरली, आणि पाण्यात कालवून सुमारे आठ किलोमीटर धावली. घसरणं आणि धावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरड पायथ्याशी येऊन ढीग घालते आणि थांबते. चिखलाचा लोंढा ओढ्याची वाट धरतो, वाटेतले दगड आणि झाडं पोटात घेत जाड होत जातो, आणि ज्याला डोंगर दिसतही नाही अशा घरापर्यंत पोचतो. मल्याळममध्ये त्याला 'उरुळ पोट्टल' असा खास शब्द आहे. आपल्याकडे अजून 'दरड' या एकाच शब्दावर भागवलं जातं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हिशेबात देशाची सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे १२.६ टक्के, दरडप्रवण आहे. त्यातली बहुतेक हिमालयात, सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट आणि कोकणच्या डोंगरांत, थोडी पूर्व घाटात. भंडाऱ्याची ही झाडीपट्टी यात कुठे बसत नाही. पण नकाशावर आणि यादीवर किती विसंबायचं? १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली, तेव्हा ती धोकादायक गावांच्या यादीत नव्हती असं सरकारनेच सांगितलं. तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. भंडाऱ्यात जो पाऊस वर्षाला पडतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, तीन दिवसांत. वर्षाच्या सरासरीला म्हणूनच फार अर्थ नाही. उताराला कळतं ते एवढंच, की पाणी किती वेगाने आत आलं आणि किती वेगाने बाहेर गेलं.

दुसऱ्या दिवशी डोंगरी बुजुर्गला गेलो आणि आदल्या दिवशीचा माझा सिद्धांत थोडा हलला. कारण इथे डोंगर होता. नवा, काळसर, सरळ माथ्याचा, कडेला गवत आणि बाभळीची रोपं असलेला. माणसांनी रचलेला.

तुमसर तालुक्यातली डोंगरी बुजुर्ग आणि चिखला ही मँगनीजची जुनी नावं. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही कंपनी १८९६ सालची. तिच्याच वारशातून १९६२मध्ये आजची मॉईल उभी राहिली. चिखल्याला खाण जमिनीखाली आहे, डोंगरी बुजुर्गला उघड्यावर. इथल्या मँगनीज डायऑक्साइडचा उपयोग बॅटरीच्या सेलमध्ये होतो. लहानपणी सेल फोडून आतली जी काळी पूड आपण हातभर माखून घेत असू, तिच्यातली थोडी इथली असण्याची शक्यता बरीच. फर्मोर नावाच्या भूवैज्ञानिकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या मँगनीजचा प्रचंड अभ्यास केला आणि या भागातल्या एका खडकाला 'गोंडाइट' असं नाव दिलं, गोंडांवरून. जगातल्या कुठल्याही भूशास्त्राच्या कोशात ते सापडतं. किती गोंड घरांत ते माहीत असेल, कोण जाणे.

खनिजापर्यंत पोचायला वरची माती आणि निरुपयोगी दगड काढावे लागतात, आणि ते कुठेतरी टाकावे लागतात. त्याला सगळे डंप म्हणतात. फुटका दगड आणि माती वरून सोडली की ढीग आपोआप एका कोनात स्थिर होतो, साधारण ३५ ते ४० अंशांत. ज्वारीच्या ढिगालाही असा स्वतःचा एक कोन असतो, वाळूलाही. निसर्गातला म्हातारा डोंगर या कोनापासून खूप आत, आरामात बसलेला असतो. डंप मात्र अगदी त्या कोनाच्या काठावर उभा असतो. त्याचे कण एकमेकांत मुरलेले नाहीत, मुळांनी शिवलेले नाहीत, आतून पाणी कुठून वाहील ते ठरलेलं नाही. म्हणून त्याला टप्पे द्यायचे, वरचं पाणी बाजूला काढायला नाल्या खोदायच्या, पायथ्याला दगडांची भिंत घालायची, गवत लावायचं. खाणीतल्या पायऱ्यांना इथले कामगार बेंच म्हणतात; आमच्या पडकईचीच ती मोठी, लोखंडी बहीण.

यातलं काही चुकलं तर काय होतं, त्याचं उदाहरण मला मास्तर म्हणून विसरता येत नाही. २१ ऑक्टोबर १९६६ला वेल्समधल्या ॲबरफॅन गावात कोळसा खाणीचा डंप घसरला. तो एका झऱ्यावर रचला होता. सकाळी शाळा नुकती भरली होती. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१६ला झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यात लालमटियाच्या कोळसा खाणीत असाच ढीग खाली आला आणि २३ कामगार दगावले. महिना डिसेंबरचा, म्हणजे पावसावर ढकलायचीही सोय नव्हती.

डोंगरी बुजुर्गच्या रस्त्यावर एका टपरीत मी विचारलं, हा ढीग कधी हलला का? टपरीवाल्याने भजी तळता तळता वर न बघताच सांगितलं, "पान्यापावसात लाल पानी येते नालीनं. ते सुरू हाय तोवर काई नाई." नाली वाहतेय म्हणजे पोट साफ आहे, असा त्याचा हिशेब. ॲबरफॅनच्या चौकशीचं सार याहून फार वेगळं नव्हतं, फक्त पानं जास्त होती.

पाळीचा खरा मुलूख मात्र अजून पुढे होता. लाखनी सोडून साकोलीच्या बाजूला वळलो की दर दोन-तीन किलोमीटरवर पाणी चमकू लागतं. भंडारा आणि गोंदिया १ मे १९९९पर्यंत एकच जिल्हा होता, आणि या एकत्र मुलखाला तलावांचा जिल्हा म्हणायची रीत होती. ही किमया कोहळी समाजाची. जमिनीचा अगदी बारीक उतार ओळखायचा आणि त्याच्या तोंडाशी मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवायचं, हे त्यांचं कसब. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनी देऊन ते वाढवलं. जवळचंच, आता गोंदियात गेलेलं नवेगावबांध कोलू पाटील कोहळीच्या नावावर आहे. पुढे मालगुजारी आली, ती १९५१मध्ये गेली, आणि हजारो तलाव 'माजी मालगुजारी तलाव' झाले. सरकारी कागदांत त्याचा 'मामा तलाव' होतो. भाच्यांनी मामाकडे जितकं लक्ष द्यावं तितकंच मग दिलं गेलं.

एका बोडीच्या, म्हणजे छोट्या तलावाच्या, पाळीवर सत्तरीचे एक कोहळी आजोबा भेटले. मित्र त्यांना बाबाजी म्हणत होता, मीही म्हणू लागलो. बाबाजी पाळीवरून चालत होते आणि चालता चालता थांबून टाच दाबत होते. काय करताय विचारलं तर म्हणाले, "भोक पायतो." पुढचा तासभर त्यांनी मला जे शिकवलं त्यावर अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात एखादं सत्र सहज जाईल.

पाळ तीन प्रकारांनी जाते. पहिला, पाणी माथ्यावरून वाहणं. त्यासाठी सलंग ठेवलेला असतो, जादा पाणी जाण्याची एका कडेची वाट; तो कोणी माशांसाठी अडवला किंवा कचऱ्याने तुंबला तर एका रात्रीत पाळ कापली जाते. दुसरा, पोटातून. उंदीर, खेकडा, मेलेल्या झाडाचं कुजलेलं मूळ, यातलं काहीही एक बारीक नळी तयार करतं. पाणी तिच्यातून आधी नितळ येतं, मग गढूळ. गढूळ आलं म्हणजे पाणी आता माती घेऊन चाललंय. तिसरा प्रकार मी ओळखला, कारण तो मला कारध्याला वांग्याच्या वाफ्याने शिकवला होता. तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून, घाईने पाणी काढलं तर आतल्या बाजूने ओली पाळ खचते. "पानी हळू सोडावं लागते जी. पाळीलाबी उतराले वेळ पायजे."

गढूळ पाण्याची खूण मी आमच्याकडे ओहळाला लावतो आणि बाबाजी इथे पाळीला. सह्याद्रीत काही ठिकाणी डोंगराच्या पोटातही अशाच नळ्या तयार होतात आणि आतली माती वाहून गेली की वरचा भाग बसतो. बाबाजींची पाळ माझ्या डोंगराचं छोटं चित्र होती. फरक एवढाच की तिचा मालक रोज तिच्यावरून चालत होता.

खेकड्यांवरून मला तिवरे आठवलं. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हाच्या एका मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं आणि महाराष्ट्र संतापाने हसला. बाबाजी हसले नाहीत. म्हणाले, खेकडा पोखरतोच. म्हणून तर रोज टाच दाबत फिरायचं.

पूर्वी उन्हाळ्यात गाव जमून तलावातला गाळ काढायचं आणि पाळीवर माती चढवायचं. तलाव सरकारजमा झाल्यावर त्याला खातं आलं, खात्याला अंदाजपत्रक आलं. आता आतल्या अंगाला बेशरमची झुडपं माजली आहेत आणि गाळाने तळ उथळ झालाय. उथळ तलावाचं गणित अजून वाईट. तेवढाच पाऊस आला तरी पाणी पाळीच्या माथ्याशी लवकर पोचतं.

शेवटचा मुक्काम पवनीला. वाटेत गोसेखुर्दचं धरण लागतं. १९८८मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. ३३ दरवाजे आहेत. त्या दिवशी काही उघडे होते आणि पाण्याचा धूर पार रस्त्यावर येत होता. मी मागचा जलाशय बघत राहिलो. इटलीत १९६३मध्ये वायोंट धरणाच्या जलाशयाचं पाणी वर-खाली केल्याने बाजूचा डोंगर सैल झाला आणि त्याची अख्खी कड पाण्यात घसरली. धरण जागेवर राहिलं; त्यावरून उसळलेल्या लाटेने खालच्या गावांतली सुमारे २,००० माणसं नेली. गोसेखुर्दच्या कडेला असा डोंगर नाही. सपाटीची किंमत इथे दुसऱ्या प्रकारे मोजावी लागली. उथळ पाणी दूरवर पसरतं आणि अनेक गावं त्याखाली जातात.

पवनी हे फार जुनं गाव आहे. १९६९-७०मध्ये इथे उत्खनन झालं आणि जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप उजेडात आला, मौर्य-सातवाहन काळापर्यंत मागे जाणारा. पण मला ओढ होती तटाची. एका बाजूला वैनगंगा आणि उरलेल्या तीन बाजूंना मातीचा तट, त्याच्याबाहेर खंदक. वर नंतरच्या काळातलं दगडी काम आहे, खाली मूळ मातीचा उंचवटा. दोन हजार वर्षांच्या आसपासचे पावसाळे अंगावर घेऊन माती उभी आहे. मी चढून पाहिला. उतार इतका सौम्य की धाप लागली नाही. वरपासून खालपर्यंत गवत, दाट, बोट शिरणार नाही असं.

एका ठिकाणी मात्र पोरांनी घसरगुंडी केली होती. पोत्यावर बसून खाली यायचं, परत वर जायचं. तेवढ्या पट्ट्यात गवत उडालं होतं आणि पावसाने त्यात मनगटाएवढी चर पाडली होती. एक बाई खालून ओरडत होती, पोरं ऐकत नव्हती. मी चरीच्या तोंडाशी वाकून पाणी पाहिलं. गढूळ होतं.

तेवढ्यात घरून फोन आला. बायको सांगत होती, चार दिवस उसंत नाही, शाळेला सुट्टी दिलीय, वरच्या वाडीतली माणसं रात्रीपुरती शाळेतच आणून ठेवलीत, तुमच्या वर्गात चुली पेटल्यात.

"तिकडे पाऊस आहे का?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "पण इथे सपाट आहे."